कडीचा फ्रिज

ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली आहे. रात्र नव्हती, रविवारची भर दुपार होती. हे आधीच सांगतो, म्हणजे अंधारात भास झाला असेल असं कुणी म्हणायला नको.

माझ्या दादाचं जुन्या घरगुती यंत्रांचं दुकान आहे. कपडे पिळायचे रूळ असलेली वॉशिंग मशीन, लोखंडी मिक्सर, पत्र्याचे टोस्टर. प्रत्येकावर त्या काळच्या किमतीचा पुठ्ठा लटकलेला. तो वाचून गिऱ्हाइकं हसतात. मग दादा आजची किंमत सांगतो आणि त्यांचं हसू मावळतं.

त्या आठवड्यात एक पांढरा फ्रिज आला होता. कडी बाहेरून. दार एकदा बसलं की आतून उघडत नाही.

असा फ्रिज आला की आधी कडी काढायची, हे दादालाही माहीत होतं.

"कडी काढली तर भंगाराच्या भावात जाईल," तो म्हणाला. "मूळ पुठ्ठा, मूळ कडी, तरच शौकीन लोक मागू ती किंमत देतात."

मीही कडी तशीच राहू दिली.

जेवणं झाल्यावर वहिनी दुकानात आली.

"चिमणी कुठाय?"

चिमणी म्हणजे त्यांची पाच वर्षांची मुलगी.

"तुझ्याजवळ नाही?" दादाने विचारलं.

"मला वाटलं, तुमच्याजवळ आहे..."

वहिनी रस्त्यावर धावली. आम्ही मशीनच्या मागे, खोक्यांच्या आड शोधू लागलो. हाका मारून घसा सुकला.

आणि मग...

ठक. ठक.

फ्रिजमधून.

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने कडी ओढली.

हलेना.

सकाळीच तेल घातलेली कडी!

"बाळा, घाबरू नको! बाबा आहे ना इथे!"

तो कडीला लोंबकळत होता. बोटं सोलून निघाली. मी बिजागऱ्यांवर हातोडी घालत होतो. आतून आता नखं ओरबाडल्याचा आवाज येत होता...

हळू.

आणखी हळू.

"देवा, माझं लेकरू!" दादा ओक्साबोक्शी रडत होता.

"बाबा, काय तोडताय?"

आम्ही वळलो. दुकानाच्या दारात चिमणी, वहिनीच्या कडेवर. शेजारच्या शिंपीणबाईंकडे बाहुलीचा झगा शिवून घेत बसली होती.

दादाने धावत जाऊन तिला छातीशी धरलं. मी हातोडी खाली ठेवली. जिवात जीव आला.

ठक...

"आत कोण आहे?" वहिनीने विचारलं.

दादा दोन पावलं मागे सरला. "उघडू नकोस."

"अहो, कुणाचं तरी लेकरू आहे ते!"

तिने एकटीने कडीला हात घातला. एका झटक्यात दार उघडलं.

आत कुणीच नव्हतं.

वीज जोडलेली नाही, जाळ्या काढलेल्या, रिकामा खोका. फक्त दाराची आतली बाजू एका जागी दमट होती. लहान मुलाचं तोंड येईल, तेवढ्या उंचीवर...

वहिनीने तिथे तळहात टेकवला.

"ऊब आहे अजून," ती म्हणाली.

दादाने त्याच संध्याकाळी फ्रिजचं दार उखडून सगळं भंगारात घातलं. आत कोण होतं, कुणाचं होतं, आम्हाला कधीच कळलं नाही. आवाजही पुन्हा आला नाही.

पण त्या रात्री वहिनीने आम्हा दोघांना एकच विचारलं.

"चिमणी दिसल्यावर तुम्ही का थांबलात?"

ती अजून उत्तराची वाट बघते आहे.