शेपटाचं पाणी

धुळ्याच्या जलमापन प्रयोगशाळेत डॉ. रेवती भामरेने पाच वर्षांचा निष्कर्ष पुन्हा तपासला. तो पुन्हा शून्यच आला.

योजना साधी होती. आंबेमोह गावच्या दोनशे बारा छोट्या शेतकऱ्यांना नदीच्या पाण्याचा हक्क द्यायचा. त्याच पाटावर खाली असलेल्या सावखेडीला मुद्दाम द्यायचा नाही, कारण ते ‘तुलनागाव’. दोन्हीकडच्या पिकांत पडेल तो फरक म्हणजे हक्काचं फळ. फरक दिसला नाही, तर योजना बंद आणि आंबेमोहचा हक्कही रद्द. एक गाव मोजपट्टी म्हणून तहानलेलं ठेवायचं, हे ज्याला सुचलं त्याच्या घरी नळाला चोवीस तास पाणी असणार.

रेवतीला खटकलं ते वेगळंच. आंबेमोह मागे पडलं नव्हतं. दोन्ही गावं वर आली होती, आणि पाऊस तर पाचही वर्षं बेताचाच होता.

हक्काच्या पाण्यात जड हायड्रोजनची ‘जलखूण’ मिसळलेली असे. ती पिकाच्या तंतूंत कायमची उतरते, म्हणून पीक कोणाच्या पाण्यावर वाढलं ते सांगता येतं. आजवर ती फक्त आंबेमोहच्या पिकात तपासली जाई. ज्यांना पाणीच दिलं नाही त्यांचं काय तपासायचं? रेवतीने सावखेडीचा कांदा यंत्रात ठेवला. खूण निघाली.

ती तडक आंबेमोहला गेली. पाटाचं पाणी वाटणाऱ्या हिरामणआबा देवऱ्यांनी काही लपवलं नाही.

“ताई, शेपटाच्या शेताला पाणी पोचल्याबिगर वरच्यानं आपली पाळी घ्यायची नाही, ही आमची रीत. सावखेडी आमच्या पाटाचं शेपूट. तुमच्या कागदावर गावं दोन असतील, पाट एकच आहे.”

रेवतीला भरून आलं. एका हक्कावर दोन गावं जगली होती. परिणाम शून्य नव्हता, दुप्पट होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तिने कांद्यासकट अहवाल संचालक डॉ. केळुस्करांसमोर ठेवला.

योजना बंद पडण्यापासून वाचली. आणखी तीनशे गावांना हक्क मंजूर झाला. पण हक्काचं पाणी दुसऱ्याला दिलं की हक्क जातो, असं नवव्या कलमात होतं, आणि पुरावा रेवतीच्याच सहीचा. आंबेमोहचा हक्क रद्द झाला. करायला गेली गणपती, झाला मारुती.

“नव्या मोजणीत हक्क सावखेडीला,” केळुस्कर शांतपणे म्हणाले, “आणि तुलनागाव आंबेमोह. पाणी बंदिस्त पाइपातून थेट खाली नेऊ. ते चढावर परत जात नाही, तेव्हा या वेळी फरक स्वच्छ येईल.”

हे सांगायला रेवती स्वतः गेली. तिला बोलताना शरम वाटत होती. हिरामणआबांनी सगळं ऐकून घेतलं आणि कोरड्या पाटाकडे पाहिलं.

“म्हणजे शेपटाला पोचलं,” ते म्हणाले. “आता आमची पाळी कधी, ताई?”