पाणगिळ्या आणि चाकावरची खूण

आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारणे हे पाप खरेच. परंतु आपण चुकलो असू, ही शंकासुद्धा मनाला शिवू न देणे हे त्याहून मोठे. त्या सुट्टीत ठिणगीच्या संतापाच्या मुळाशी एका अभियंतासाहेबांचे हे दुसरे पाप होते.

तापट स्वभावामुळे सारे तिला ठिणगी म्हणत. तिचे मामा तलावाचे पाणी सोडणाऱ्या लोखंडी दरवाजाचे राखणदार. आठवडाभर तलाव रोज बोटभर उतरत होता. लोक म्हणू लागले, तळाशी निजलेला पाणगिळ्या जागा झाला. लोककथेतला हा प्राणी घोटाघोटाने तलाव पितो. दरवाजा उघडण्या-मिटण्याचे चाक रोज सकाळी सरकलेले दिसते, असे मामांनी अभियंतासाहेबांना सांगून पाहिले. साहेबांनी चार लोकांदेखत उलट त्यांनाच विसराळू ठरवले आणि सोमवारपासून घरी बसायला फर्मावले. बावीस वर्षांच्या चाकरीचा निकाल उभ्या उभ्या लागला. मामा मान खाली घालून परतले. ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती आणि तिचा मावसभाऊ चष्मिष्ट पाणगिळ्याच्या शोधाचा एक छोटा संगणक-खेळ रचत होते. चित्रातल्या वस्तूवर क्लिक केले की चित्र बदले आणि पुढचा दुवा हाती लागे. चित्रे म्हणजे दरवाजाचे चाक होते त्या खोलीचे फोटो. त्या रात्री जेवणाआधी ठिणगीने कपाटावर क्लिक केले. कपाट उघडले, आणि शेजारचे चाकही हलले.

"चाकाला कशाला हात लावलास रे, बावळटा?" ती कडाडली.

"मी नाही लावला. बंद कपाटाचा फोटो सकाळचा, उघड्याचा त्याच संध्याकाळचा. मामा घरी गेले होते, साहेब बांधावर पाहुण्यांना तलाव दाखवत होते, म्हणून खोली उघडी होती."

मामांनी चाकावर रंगवलेली पांढरी खूण सकाळच्या फोटोत वर होती, संध्याकाळच्या फोटोत बाजूला. आणि त्याच फोटोत खुंटीवर साहेबांचे पिवळे हेल्मेट लटकत होते.

दुसऱ्या दिवशी मामांसोबत चाकाच्या खोलीत जाऊन ठिणगीने खेळ साहेबांसमोर ठेवला आणि त्यांनाच क्लिक करायला लावले. हेल्मेट पाहून साहेब हसले. पाहुण्यांना दरवाजा उघडून दाखवतो, पण बंदही करतो, असे त्यांनी ठणकावून सांगितले.

"मग आत्ता करून दाखवा," ठिणगी म्हणाली.

साहेबांनी दरवाजा उघडला, मग चाक उलट घट्ट होईस्तोवर फिरवले आणि हात झटकले. खूण बाजूलाच होती.

"ऐका आता," ठिणगी म्हणाली.

जमिनीखालून आवाज येत होता, कोणी घुटघुट पाणी पीत असल्यासारखा. मामा पुढे झाले. अंगाचा भार टाकून त्यांनी उरलेला पाव फेरा दिला. खूण वर आली, दरवाजा पुरता मिटला आणि आवाज थांबला.

"खूण कशासाठी, हे मी कधी विचारलंच नाही," साहेब पुटपुटले. त्यांनी मामांपुढे हात जोडले.

ठिणगीचा राग निवला नव्हता. "आरोप चार लोकांत केलात, माफी खोलीत का?"

साहेबांनी बांधावर सर्वांसमोर माफी मागितली आणि सोमवारी मामांच्या हाताखाली चाक फिरवायला शिकायला येईन म्हणाले. खेळातल्या पाणगिळ्याला पिवळे हेल्मेट घालावे, असे चष्मिष्टाने हळूच सुचवले. मामांनी त्याला डोळ्यांनीच दटावले. मग ठिणगीच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "तुझा राग कामी आला, पोरी."

तलाव भरलेला राहो. राखणाऱ्या हातांना बळ, चुकलेल्याला नम्रता आणि संतापलेल्या त्या लेकीला शांत झोप लाभो.