आजींच्या डोळ्यांवरचं फडकं

दिवा राहू दे, विझवायची गरज नाही. आणि कुणाला हसायचं असेल तर त्यानं आत्ताच हसून घ्यावं, मग मध्येच खीखी नको. ही गोष्ट ज्याच्यावर गुदरली तो रंगारी वीस वर्षं माझ्याच दुकानातून रंग न्यायचा आणि ब्रशचे केस गळतात म्हणून दर खेपेला माझ्याशी भांडायचा.

हात सोन्याचा, पण खोड एकच. काम सुरू करण्याआधी खोलीतलं सगळं झाकल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. पलंग, पंखा, घड्याळ, दाराच्या कड्यासुद्धा. एकदा घाईघाईत खुर्चीत डुलक्या घेणाऱ्या घरमालकाच्या वडिलांवरच चादर टाकली, आणि आतून आलेल्या सूनबाईंनी हंबरडा फोडला. तेव्हापासून त्याचं नाव पडलं झाकणराव.

तर मार्चची बारा तारीख, मंगळवार. रात्री पावणेनऊला झाकणराव जेवून हात धूत होता, तेवढ्यात फोन वाजला. शाळेत शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्या घरचं छत तो दोन दिवसांपूर्वीच पाहून आला होता. साठ वर्षांचं जुनं काम, लाकडी पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा, आणि कोपऱ्यातून निघालेली एक भेग. भेग भरून रंग द्यायला रविवारी यायचं ठरलं होतं.

"काका, भेग आईच्या पलंगावर आलीय," बाई म्हणाल्या. "गिलावा खाली लोंबतोय. आत्ता येता का?"

बाईंची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. लकव्यानं हातपाय गेले, वाचा गेली, हलायचे ते फक्त डोळे. त्यात मागच्या आठवड्यात कूस बदलताना पलंगावरून घसरून मांडीचं हाड मोडलं. पायाला वजन टांगलेलं, डॉक्टरांशिवाय जागचं हलवायचं नाही, आणि डॉक्टर येणार सकाळी. झाकणरावानं प्लास्टर ऑफ पॅरिसची पिशवी आणि वर चढायची लाकडी घोडी सायकलला बांधली आणि निघाला.

साडेनऊला तो त्या खोलीत उभा होता. छताचा परातीएवढा तुकडा आजींच्या छातीवर झुकला होता. आजी वर बघत होत्या. पण भेगेकडे नाही. भेग जिथे थांबली होती, तिच्या वीतभर पुढे. तिथे झाकणरावाला काहीच दिसेना.

"परवापासून ती झोपलेली नाही, काका," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "औषध देऊनही नाही. आणि पापण्या कशा लवतात बघा ना. एकदा डावी, मग उजवी. दोन्ही डोळे एकदम मिटतच नाहीत."

आजारी माणसाचं काय सांगावं, असं म्हणून तो कामाला लागला. छताला टेकू द्यायला लांब बांबू हवा होता. दोन गल्ल्या पलीकडे लाकडाची वखार, तिचा राखणदार बाईंच्या ओळखीचा. त्या बांबू आणायला गेल्या. तोवर तुकडा फळीनं वर दाबून धरायचा, बांबू आला की पक्कं करायचं, असा त्याचा बेत.

दाबलं की धूळ पडणार. त्यानं आजींच्या अंगावर चादर घातली. चेहरा उरला. डोळ्यात चुना गेला तर ती बिचारी चोळणार कशानं? त्याला कळवळा आला. त्यानं धुतलेलं मऊ फडकं काढलं, चार पदरी घडी केली.

"आजी, दहा मिनिटांचाच प्रश्न आहे."

आजींनी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. मग वर. मग पुन्हा त्याच्याकडे. त्याला वाटलं, बरं म्हणतायत. त्यानं फडकं डोळ्यांवर ठेवलं.

मग तो घोडीवर चढला, फळी दोन्ही तळहातांवर घेऊन वर दाबली. ओझं चांगलंच होतं. तेव्हा पावणेदहा वाजले होते.

भेग हलली.

दोन दिवसांत हातभर आलेली ती भेग... आता कागद फाटावा तशी निघाली. फळीच्या कडेनं. त्याच्या दोन अंगठ्यांच्या मधून. मातीच्या वासाचा गार वारा बोटांना लागला.

खालून आवाज आला. घशातला. दोन वर्षं मुक्या असलेल्या आजींचा.

तेव्हा झाकणरावाला कळलं. आजी भेग बघत नव्हत्या. भेगेतून जे येत होतं त्याला त्या अडवून धरत होत्या. नुसत्या नजरेनं. आणि ती नजर त्यानं झाकली होती.

फडकं काढावं तर हात सोडावे लागणार. हात सोडावेत तर छत आजींच्या छातीवर. त्यानं एक पाय खाली ताणला. अंगठा फडक्यापासून चार बोटं दूर राहिला. आणखी ताणला. घोडी डगमगली. बाईंना हाका मारल्या. गल्लीत कुणी नव्हतं.

"आजी... मी बघतो. तुमच्याऐवजी मी बघतो."

आणि तो बघू लागला. भेगेच्या पुढे, वीतभर. डोळ्यांत पाणी आलं. आग होऊ लागली. तो बघत राहिला. भेग थांबली...

वरून एक कण पडला. त्याच्या डोळ्यात.

पापण्या लवल्या. दोन्ही. एकदम.

...

डोळे उघडले तेव्हा हातांवर ओझं नव्हतं. फळी त्यानं खाली घेतली. छत सपाट होतं. भेगेच्या जागी केसाएवढी रेघ.

घशातला आवाज थांबला होता.

बाई बांबू घेऊन आल्या तेव्हा तो घोडीवरच बसलेला. रडत होता. त्याला उतरवत नव्हतं. फडकं बाईंनी उचललं.

आजी गेल्या होत्या. फडक्याच्या वरच्या बाजूला धुळीचा कणही नव्हता. पण आत, दोन्ही पापण्यांवर चुना लिंपलेला. पातळ, एकसारखा, कसलेल्या हातानं थापी फिरवावी तसा.

झाकणरावानं नंतर पुन्हा छताचं काम घेतलं नाही. हे सगळं त्यानं मला दुकानाच्या पायरीवर बसून सांगितलं. मी म्हटलं, अरे, तुझ्याच हातून काही सांडलं असेल.

"मी चुना नेलाच नव्हता," तो म्हणाला. "आणि तो ओला होता."