न वाजलेला ठोका

ही गोष्ट खरी आहे.

शपथ घेत नाही, कारण शपथा घेणाऱ्यांवर माझा स्वतःचाच विश्वास बसत नाही. एवढंच सांगतो, ही मला दोघांनी वेगवेगळी सांगितली, एकमेकांना न विचारता, आणि दोन्हीकडचा शब्दन्‌शब्द जुळला. आमच्या घरातली माणसं एरवी एकाच लग्नाची हकीकतही सारखी सांगत नाहीत.

रात्र नव्हती. रविवारची दुपार होती. बाहेर लख्ख ऊन, खाली कोणीतरी पाइप लावून गाडी धूत होतं. जागा म्हणजे एका जुन्या इमारतीत जिना संपतो तिथली खोली. भिंतींना स्पंज, खिडकीला जाड पडदा. गाण्यांच्या रेकॉर्डिंगची खोली.

आधी कोणाचा फायदा काय होता ते बघून घेऊ. म्हणजे पुढे जे आलं ते कोणासाठी आलं, हे विचारावं लागत नाही.

खोली माझ्या मावसभावाची. केस पिकले तरी घरात तो छोट्याच. लोकांच्या गाण्यांना वाद्यांची साथ बसवून द्यायची, हा त्याचा धंदा. त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, ड्रम वाजवायचे. हात असा की ऐकणाऱ्याची मान आपोआप हलायला लागायची. पण दाजींचा हात हवा तर अख्खे दाजी बोलवावे लागत. ते उशिरा येणार, आल्यावर आधी चहा, मग जुने किस्से, मग ड्रम जुळवण्यात दुपार, मग खालच्या मजल्यावरच्या बाईंची तक्रार.

छोट्याला हात हवे होते. बाकीचे दाजी नको होते.

म्हणून त्याने ठरवलं, दाजींचा एकेक ठोका टिपून ठेवायचा. काठी नुसती टेकवल्यासारखा, मग जरा जोरात, मग आणखी, असं चढत चढत पूर्ण ताकदीपर्यंत. प्रत्येक ड्रमचा, प्रत्येक झांजेचा. हे सगळे ठोके कंप्युटरमधल्या सॉफ्टवेअरमध्ये आपापल्या घरात बसवायचे, प्रत्येक ड्रमची एक रांग, हलका ठोका खाली, जोराचा वर. मग इलेक्ट्रॉनिक ड्रम आणायचे, जाळीच्या पॅडवर आपण काठी मारायची आणि स्पीकरमधून वाजणार दाजी.

दाजींनाही गंमत वाटली होती. "म्हणजे मी घरी घोरत पडलोय आणि इकडे गाण्यात मीच वाजतोय," असं म्हणून ते खूप हसले होते.

ठोके टिपण्याचं काम संपत आलं आणि दाजी गेले. त्याच इमारतीच्या जिन्यात.

ताईला छोट्याने सांगितलं ते असं. शेवटचा ठोका घेतला, मोठ्या ड्रमचा, पूर्ण ताकदीचा. भिंत हलली. दाजींनी काठ्या ठेवल्या, हसले, 'येतो रे' म्हणाले आणि निघाले. जिन्यात जरा टेकले ते टेकलेच.

"हसत गेले ना?" ताईने विचारलं होतं. "मग झालं."

तेवढ्यावर तिने स्वतःला सावरलं. येईल त्याला ती हे सांगायची. दर वेळी भिंत थोडी जास्त हलायची.

आणि मग एक दिवस तिचा फोन आला. ते नवे ड्रम आलेत म्हणे तुझ्याकडे. रविवारी येते. त्यांचा तो शेवटचा ठोका मला ऐकव.

छोट्या 'ये' म्हणाला.

पण तो ठोका नव्हताच...

मोठ्या ड्रमच्या रांगेतलं सगळ्यात वरचं घर रिकामं राहिलं होतं. छोट्याने खालच्या घरातला ठोका उचलला, आवाज वाढवला आणि वर कोंबला. ऐकणाऱ्याला कळत नाही. सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. हे ठाऊक असणारे दोघंच, आणि त्यातल्या एकाने बोलणं बंद केलं होतं.

रविवारी सकाळी त्याने ड्रम जोडायला घेतले.

सांगाडा उभा केला. पॅड बसवले. प्रत्येक पॅडची वायर मधल्या डब्यात, डब्याची वायर लॅपटॉपमध्ये. एकेक पॅड वाजवून बघितला; काठी लागली की स्क्रीनवर त्या पॅडचा छोटा दिवा पेटायचा. झांजेच्या पॅडवर झांज, छोट्या ड्रमच्या पॅडवर छोटा ड्रम. हळू मारलं की हळू, जोरात मारलं की जोरात. दाजी अगदी आज्ञेत वाजत होते. एरवी कधी इतके आज्ञेत वाजले नव्हते.

उरला उजव्या गुडघ्यापाशी असतो तो मोठा ड्रम.

त्याने अजून हात लावला नव्हता.

स्क्रीनवरचा त्याचा दिवा लुकलुकला...

हे नेहमीचंच. एका पॅडचा हादरा सांगाड्यातून दुसऱ्या पॅडला जातो आणि तोही वाजल्यासारखा दाखवतो. नवे ड्रम जोडणाऱ्या प्रत्येकाला हा त्रास होतो. छोट्याने पॅडची संवेदनशीलता कमी केली. हात मांडीवर ठेवून बसला. कशालाच स्पर्श नाही.

दिवा लुकलुकला.

अगदी मंद. कोणी पॅडवर काठी नुसती टेकवून ठेवावी, इतका.

त्याने आणखी कमी केली. शून्यावर आणली.

लुकलुकला.

मग त्याने मोठ्या ड्रमची वायरच उपटली आणि खाली जमिनीवर टाकली.

खाली गाडी धुणाऱ्याने पाणी बंद केलं. खोलीत एकदम शांत झालं. स्पंजच्या खोलीतली शांतता बाहेरच्यासारखी नसते, कानावर हात ठेवल्यासारखी असते.

त्या शांततेत स्पीकरमधून... श्वास आला.

आत घेतलेला श्वास. काठी उचलण्याआधी दाजी घ्यायचे तसा.

छोट्याला तो चांगला ओळखीचा होता. त्याने स्वतः प्रत्येक ठोक्याच्या पुढून तो कापला होता. ठोक्याच्या आधीचा श्वास आणि नंतरचं बोलणं कापून टाकायचं, हे या कामात करावंच लागतं. कापलेलं सगळं त्याने पुसून टाकलं होतं. जागा अडते म्हणून, असं तो स्वतःला सांगायचा.

मग त्याने जे केलं ते फक्त असाच माणूस करेल. त्याने वरच्या घरातला तो कोंबलेला ठोका पुसला. ताईला सांगायचं, फाईल खराब झाली, तो ठोका गेला, म्हणजे त्या ड्रमला कोणी हातच लावायला नको. मशीनवर ढकलायचं. मशीन कुठे साक्ष द्यायला येतं?

ताई आली. जिना चढताना त्या एका पायरीपाशी थांबली असणार, कारण तिचे डोळे लाल होते. पण आल्या आल्या तिने भावाची फिरकी घेतली. एवढे हे पॅड, हे तर जेवणाच्या ताटांसारखे दिसतात, म्हणाली. दाजींनी बघितले असते तर वाढा म्हणाले असते.

छोट्या हसला. मग त्याने फाईलचं सांगितलं.

 पर्समधून ताईने रुमालात गुंडाळलेल्या काठ्या काढल्या. दाजींच्या. एकीचं टोक उडालेलं.

"राहू दे. दुसरा कुठला असेल तो ऐकते," ती म्हणाली आणि स्टुलावर बसली. मोठा ड्रम कुठला, हे तिला विचारावं लागलं नाही. घरात कित्येक वर्षं ती दाजींच्या खऱ्या मोठ्या ड्रमवरची धूळ पुसत होती.

"ताई, तो नको. तो जोडलेला नाही."

तोवर तिने काठी टेकवली होती. मारलीही नव्हती. टेकवली.

वायर जमिनीवर पडलेली. दोघांनाही दिसत होती.

स्क्रीनवरचा दिवा पूर्ण पेटला. सगळ्यात वरचं घर. रिकामं.

ठोका आला नाही.

श्वास आला...

मग दाजींचा आवाज. दमलेला.

"छोट्या, हात उचलत नाही रे. उद्या करू."

मग छोट्याचा आवाज. स्वच्छ, मोठा, माइकच्या जवळचा.

"एकच राहिलाय दाजी. किती नाटकं कराल? मारा जोरात, मग जा."

श्वास. पुन्हा श्वास.

ड्रमच्या कातड्यावर काठ्या ठेवल्याचा आवाज. दारापर्यंत ओढत गेलेली पावलं. दार.

छोट्याने लॅपटॉपची वायर उपटली. स्पीकरचं बटण बंद केलं. दिवा विझला.

आवाज थांबला नाही.

आता त्यात बोलणं नव्हतं. शांतता होती. आणि त्या शांततेत...

टिक.

टिक, टिक.

ताईने भावाकडे बघितलं. तिला कळेना. त्याला पहिल्या टिकलाच कळलं होतं. तो माऊसचा आवाज होता. दाजी बाहेर जिन्यात बसले होते, तेव्हा तो आत हेडफोन लावून ठोके कापत बसला होता. दाजी रुसून गेले असतील, येतील आपोआप, अशा हिशेबाने.

टिक.

मध्येच लांबून, दाराच्या पलीकडून, काहीतरी ऐकू आलं. एकदा. हाक असावी. नीट कळण्याइतकी मोठी नव्हती.

टिक, टिक, टिक.

ताई उठली नाही. काठी तिने तशीच टेकवून ठेवली होती. ऐकत राहिली. गाडी धुणाऱ्याने पुन्हा पाणी सोडलं, धुऊन झालं, तो निघूनही गेला. तरी ते टिकटिकत होतं.

"इतका वेळ?" ताईने विचारलं.

छोट्या पॅडकडे बघत राहिला.

तिने काठी उचलली. आवाज थांबला.

काठ्या पुन्हा रुमालात गुंडाळून ती निघाली. दारात थांबून तिने त्याला हाक मारली. पूर्ण नावाने, शाळेच्या हजेरीत घेतात तशी. म्हणाली, "ते हसत गेले म्हणून का सांगितलंस? मी काय तुझ्याशी भांडले असते?"

आणि जिना उतरून गेली. मधे थांबल्याचं त्याने ऐकलं. बराच वेळ.

ही दोघांची हकीकत. आता माझी थोडी.

मी त्या खोलीत जाऊन आलो. भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातला मी नाही, निदान जाताना नव्हतो. छोट्याने मोठ्या ड्रमचा पॅड काढून टाकलाय. सांगाड्याची ती बाजू उघडी आहे. माऊस वापरणं त्याने सोडलं, सगळं काम कीबोर्डवर करतो. बोटं सुजतात. येणाऱ्यांना वाटतं, केवढा कारागीर. काम जोरात चाललंय. दाजींच्या हातांची वाहवा होते आणि छोट्या ती मान खाली घालून ऐकून घेतो.

मी बसलो होतो तेवढ्यात तो पाणी आणायला बाहेर गेला. लॅपटॉप मिटलेला होता. टेबलावर काही नव्हतं.

टिक...

मी उठून जिन्यात येऊन उभा राहिलो. कोणत्या पायरीवर उभा आहे हे नंतर लक्षात आलं.

तर आता हिशेब. छोट्याला हात हवे होते, ते मिळाले. दाजींनी त्यांची किंमत आधीच चुकती केली होती. ताईकडे एक हसू होतं, सांभाळून ठेवलेलं, तेही त्या दुपारी गेलं. ती आता कोणालाच भिंत हलल्याचं सांगत नाही.

राहिला छोट्या. त्याचं काय गेलं, असं वरवर बघणाऱ्याला वाटेल. त्याला तोंडावर छोट्या म्हणणारी दोनच माणसं उरली होती. ताई आता पूर्ण नाव घेते.

दुसरं माणूस अजून छोट्याच म्हणतं. रोज, काम संपवून तो दिवा मालवायला उठला की. आणि म्हणतं, उद्या करू.