श्वास धरून ठेवा

हे खरं आहे. ज्याला पटत नसेल त्याने जळगावला यावं आणि माझी मान बघावी.

मी सीटी स्कॅनचा टेक्निशियन. १४ मे २०२४, मंगळवार. रात्र-बित्र काही नव्हती. दुपारचे अडीच वाजले होते.

त्याच्या तीन महिने आधी पारोळ्याकडचे गिरधर आबा आमच्याकडे आले होते. उजव्या हाताचं पहिलं बोट अर्धंच, कडबाकुट्टीत गेलेलं. किडनीचा कॅन्सर काढलेला, पण घरच्यांनी त्यांना ‘खडा काढला’ असं सांगितलेलं.

पडद्यावर दोन्ही फुफ्फुसांत पांढरे गोळे दिसले... डॉक्टर म्हणाले, पसरलाय.

मुलगा योगराज हात जोडून उभा. "भाऊ, आबाले सांगू नका. हाय खातीन."

टेबलावरून उतरताना आबांनी माझं मनगट धरलं.

"खरं सांग भाऊ. वाईट व्हई ते रत्नाले भेटी येसू. मनी पोर शे. आठ वरीस बोलनू नही."

"जुना कफ आहे, आबा."

"मंग दिवाळीले जासू," आबा हसले.

एप्रिलमध्ये आबा गेले. रत्ना पोहोचली तेव्हा चिता पेटलेली होती. योगराजनेच फोनवर सांगितलं. मला स्वतःची लाज वाटली, पण मी जेवलो आणि विसरलो.

त्या दुपारी पेशंट नव्हता. मी डबा उघडला, तेवढ्यात आतल्या स्पीकरवर माझाच रेकॉर्ड केलेला आवाज...

"श्वास घ्या..."

बटण कोणी दाबलं नव्हतं.

"धरून ठेवा..."

मी आत धावलो. टेबल रिकामं. चादर मात्र मधोमध दबलेली...

"सोडा" आलंच नाही.

माझा श्वास अडकला. मागून गळा आवळला गेला. डोकं मशीनच्या कडेवर आपटलं. एकदा. दोनदा. नाक फुटलं, चादर रक्ताने भिजली. मग मी जमिनीवर उताणा पडलो आणि छातीवर गुडघा रुतला. बरगडी मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला.

"कफ शे का, भाऊ?"

मी ओठ हलवले फक्त. कॅन्सर होता, आबा. छातीत पसरला होता.

"आते सांगस?"

दुसरी बरगडी मोडली.

मग स्पीकर म्हणाला, "सोडा."

डॉक्टरांनी 'पडला' असं लिहिलं. मानेवरचे बोटांचे वळ आजही आहेत. त्यातलं एक बोट अर्धं.

काल सुमनबाई नावाच्या आजी टेबलावरून उठल्या. पडद्यावर तसेच पांढरे गोळे. "काय निघालं, भाऊ?"

त्यांच्या मुलाने मागून मान हलवली. नाही, म्हणून.

माझ्या गळ्यावर ते अर्धं बोट टेकलं...

मी खरं सांगितलं. मुलाने माझ्या कानफटात मारली.

बोट अजून उचललेलं नाही.