एकवीस बैठ्या

मिरजोळ्याच्या वळणावर वैदेहीच्या स्कूटरचा आरसा गेला, तो एका काठीने. पुढच्या रिक्षातून दोन्ही बाजूंना लांबलचक लाठ्या बाहेर आल्या होत्या. रिक्षा वळली आणि... खळ्ळ!

रिक्षातून एक उंच तरुण उतरला. आधी डावा पाय टेकवला, मग दांडीला धरून हळूच उजवा.

"माफ करा हं! आरसा मी आजच बसवून देतो. तुम्हाला लागलं नाही ना?"

"मला नाही. तुमचा उजवा गुडघा किती दिवस दुखतोय?"

तो बघतच राहिला. "तुम्ही... ज्योतिष सांगता?"

"फिजिओथेरपिस्ट आहे. मारुती मंदिराजवळ क्लिनिक आहे."

"मग आरसा फुटला ते बरंच झालं," तो म्हणाला, आणि असा हसला की दोन-तीन काचा गोळा करायला वैदेहीला उगीचच पाच मिनिटं लागली.

त्याचं नाव सलिल. दिवसा एमआयडीसीतल्या कारखान्यात सुपरवायझर आणि संध्याकाळी भागोजी गुरुजींच्या लाठीवर्गातला पट्टशिष्य. आरसा त्याने त्याच दिवशी बसवून दिला. मग गुडघा दाखवायला आला. मग एक दिवसाआड येऊ लागला.

"हा व्यायाम दहा वेळा," ती सांगे.

"दहाच? मग लगेच घरी जावं लागणार."

"दहा-दहाचे तीन सेट."

"हां... आता कसं!"

एमआरआयचा रिपोर्ट आला त्या दिवशी मात्र तिला हसता आलं नाही. गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, एका जागी झिजून पार हाडापर्यंत गेली होती. अशी झीज कशाने होते ते तिने विचारलं, तेव्हा त्याने अभिमानाने सांगितलं, "बैठीने."

उंच उडी घ्यायची, उजव्या गुडघ्यावर उतरायचं आणि त्याच झोकात लाठी डोक्याभोवती फिरवून उठायचं. ही भागोजी गुरुजींच्या घराण्याची बैठी. दसऱ्याला शस्त्रपूजनानंतर जो सलग एकवीस बैठ्या घालेल, त्याच्या हाती गुरुजी वर्ग सोपवणार होते. त्यांच्या गुरूंनीही त्यांना तसाच दिला होता. दसरा तीन आठवड्यांवर आला होता.

"गुडघ्याऐवजी पायावर उतरा," वैदेही म्हणाली. "लाठी तशीच फिरेल. मी कोन मोजून दाखवते."

"मग ती बैठी कसली? ते नुसतं बसणं झालं." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "हल्ली सगळीकडे तेच चाललंय. गाण्याच्या ठेक्यावर लाठी, स्पर्धेत गुणांसाठी गिरक्या. गुरुजी म्हणतात, आज गुडघा टाळलात, उद्या लाठी जड म्हणाल, परवा प्लास्टिकची आणाल. चुकीचं काय बोलतात?"

"आणि गुडघा कायमचा गेला तर?"

तो हळूच म्हणाला, "त्यांना सांगू नका. वचन द्या... माझ्यासाठी."

तो 'माझ्यासाठी' असा काही म्हणाला की तिच्या तोंडून होकार निघून गेला. दुसऱ्या क्षणी तिला स्वतःचाच राग आला.

त्या शनिवारी ती वर्ग बघायला गेली. भोवती काजूची झाडं, मध्ये पत्र्याची शेड आणि खाली गुळगुळीत सिमेंटचा कोबा. सलिलने उडी घेतली. लाठीची सूंऽऽ अशी शीळ घुमली, त्याचा घामेजला चेहरा क्षणभर तिच्याकडे वळला, आणि ती पाहतच राहिली. इतकं सुंदर काही तिने फार दिवसांत पाहिलं नव्हतं. आणि मग तो आवाज आला. ठक्. हाड आणि सिमेंट, यांच्यामध्ये पातळसं कापड.

त्यानंतर क्लिनिकमध्ये कुणाच्या हातून काही पडलं तरी ती दचके. फोन वाजला की पहिला विचार एकच— पडला का तो?

दसऱ्याला चार दिवस उरले तेव्हा ती एकटीच गुरुजींकडे गेली. सत्तरीचे गुरुजी लाठ्यांना तेल चोळत बसले होते.

"काय गो बाय, तू पण शिकायला आलीस?"

"नाही गुरुजी, एक विचारायचं होतं. तुम्ही एकवीस बैठ्या घातल्या, त्या... कशावर?"

"कशावर म्हणजे? आखाड्यात! तांबडी माती, त्यात तेल, ताक, हळद. अशी मऊ, की हात घातला तर मनगटापर्यंत जायचा."

"आणि हा कोबा?"

"मीच घातला, सहा वर्षं झाली. पावसाचे चार महिने नुसता चिखल व्हायचा. पोरं घसरायची, वर्ग बंद पडायचा." ते सांगता सांगता थांबले. तेलाचा बोळा हातातच राहिला. मग एकदम म्हणाले, "जा तू आता. उशीर होईल."

गुडघ्याबद्दल तिने एक अक्षर काढलं नव्हतं. पण ते समजले, की नुसतेच रागावले? तीन दिवस काहीच कळलं नाही. सलिलचे नेहमीचे मेसेज येत होते. तिला मात्र जेवण जात नव्हतं.

दसऱ्याला लाठ्यांवर झेंडूच्या माळा चढल्या. शेड माणसांनी भरली. सलिल मधोमध उभा राहिला आणि लोक मोजू लागले. एक... दोन... तीन... प्रत्येक ठक् वैदेहीच्या छातीत वाजत होता. पाचव्याला त्याचा ओठ दाताखाली गेला. सातव्याला उठताना तो कणभर लडखडला. ते फक्त तिला दिसलं, असं तिला वाटलं.

"थांब!"

गुरुजी उठले. हातातली लाठी त्यांनी त्याच्यापुढे आडवी ठेवली.

"ही बाय विचारून गेली, तेव्हापासून चार दिवस मी स्वतःशी भांडतोय. म्हटलं, जुनी रीत आहे, होऊन जाऊ दे." ते म्हणाले. "खेळात काही बदललं नाही असं सांगत फिरलो. आणि खालची जमीन मीच बदलली. आमच्या गुडघ्याखाली माती होती रे, पोरा... उद्या हा कोबा फोडायचा. माती होईस्तोवर सगळ्यांनी पायावर उतरायचं. वर्ग आजपासून तुझा."

टाळ्या पडल्या. सलिलने वाकून नमस्कार केला आणि थेट वैदेहीसमोर आला.

"वचन दिलं होतंत."

"मी गुडघ्याबद्दल एक शब्दही बोलले नाही."

"तेवढाच सोडून बाकी सगळं बोललात!"

तो निघून गेला. नंतरचे पाच दिवस ना फोन, ना मेसेज. आपण बरोबर होतो, हे तिने स्वतःला शंभरदा सांगितलं. बरोबर असण्याने इतकं एकटं वाटतं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

सहाव्या दिवशी तो आला. हातांना फोड आले होते.

"कोबा फोडतोय," तो म्हणाला. "गुरुजी स्वतः घण घेतात. थांबा म्हटलं तर ऐकत नाहीत." मग खुर्चीत बसून त्याने विचारलं, "माती झाली की... मला परत बैठी घालता येईल?"

तिला खोटं बोलायचा मोह झाला. क्षणभरच.

"नाही. झिजलेली कूर्चा पहिल्यासारखी होत नाही. पोरांना शिकवता येईल. तुम्ही स्वतः... नाही."

तो तळहातावरचे फोड चाचपू लागला. तिला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण तिने फाईल घट्ट धरून ठेवली.

"बाकी सगळे म्हणतात, होईल बरं," तो अखेर म्हणाला. "म्हणूनच तुमच्याकडे आलो."

"राग गेला?"

"थोडा आहे अजून. आणि तो असतानासुद्धा पाचही दिवस तुम्हीच आठवत होतात. याला तुमच्या शास्त्रात काय म्हणतात?"

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "तपासावं लागेल."

"गुडघ्याचे व्यायाम किती दिवस करायचे?"

"आयुष्यभर."

"रोज?"

"रोज."

"आणि ते नीट होतायत की नाही, हे आयुष्यभर बघणार कोण?"

वैदेहीने फाईल मिटली. पेन टोपण लावून जागेवर ठेवलं.

"क्लिनिक सहाला बंद होतं," ती म्हणाली.

"मग?"

"मग... सव्वासहाला ये. पेशंट म्हणून नको."