मोमिनाबाद किती राहिलं?

निजामाच्या अमदानीतली गोष्ट. सकाळी विमान यायचं होतं, म्हणून सटवा धनगरानं रानातली जनावरं हाकलली आणि ओल्या गवताचा धूर केला. वारा कुठला ते वैमानिकाला धुरावरून कळायचं. दिंद्रुडचं हे मूळ गायरान. पण आप्पाराव देशमुखानं सरकारदरबारी वजन वापरलं आणि विमान उतरायला सगळं सपाट करून घेतलं. विमान औरंगाबादहून यायचं, तेल भरायचं, आप्पारावाला घेऊन उडायचं. आणि हा गावभर मिरवायचा, "हितनं हैदराबाद दीड तास बे! बैलगाडीनं जाय, पंधरा दिवस!"

हे ऐकलं की सटवाचं डोकंच फिरायचं. कारण मोमिनाबादचा दवाखाना विमानानं पाव तासावर होता, गाडीनं दिवस-रात्र. गेल्या साली त्याची बायको भिवराबाई बाळंतपणात तापली तेव्हा विमान इथंच उभं होतं, आत एक जागा रिकामी होती. सटवानं पाय धरले. आप्पाराव म्हणाला, "गाडी हाय की तुजी!"

गाडीत ती सारखी विचारायची, "मोमिनाबाद किती राहिलं?"

"आलंच," सटवा म्हणायचा. निम्म्या वाटेत तिचं विचारणं थांबलं.

आज तिचं लेकरू, म्हाळू, त्याच्या खांद्यावर तसंच फणफणत होतं.

विमान आलं. आप्पाराव चढायला निघाला. चेहरा पार उतरलेला.

"मालक, दवाखान्यापतुर घ्या. जागा रिकामी हाय."

"न्हाई."

"कावून न्हाई? गायरान खाल्लं, बायको खाल्ली, आता ह्येबी पायजे व्हय?"

"आरं... हळू बोल." आप्पारावानं आत चोरून पाहिलं. "रिकामी न्हाई ती. साल झालं, कुणीतरी बसतंय... दिसत न्हाई. वर गेलं की नुसतं इचारतंय..."

"काय?"

तेवढ्यात विमानाच्या दारातून वास आला. बाळंतशेपाचा, ओव्याच्या धुरीचा. अहो, माणूस घाबरला असता! सटवा पेटला. जितीला जागा नव्हती, आणि मेल्यावर वर्षभर फिरवतायत! त्यानं आप्पारावाला ढकललं, आत चढला आणि म्हाळूला त्या जागेवर ठेवलं.

रडणं थांबलं. लेकरू जागेला टेकलंच नव्हतं. वीतभर वर, मांडीवर निजवल्यासारखं, अधांतरी.

"मोमिनाबादला उतरवा," सटवा वैमानिकाला म्हणाला. आप्पारावानं मान हलवली आणि मागनं तोही चढला.

वर गेल्यावर आवाज आला. तोच, दमलेला.

"मोमिनाबाद किती राहिलं?"

"आलंच, भिवरे." या वेळी ते खरं होतं.

मोमिनाबादच्या लष्करी छावणीच्या मैदानावर विमान टेकलं. समोरच दवाखाना. डॉक्टरनं म्हाळूला तपासलं, औषध पाजलं. "येळेत आणलंस. जगंल."

सटवा धावत विमानाकडं माघारी आला. "उतर भिवरे, आलं मोमिनाबाद!"

कुणी उतरलं नाही. आप्पाराव मात्र आतून दार बडवत होता, दार उघडेना. विमान चालायला लागलं, आणि काचेआडून तोच दमलेला आवाज आला...

"हैदराबाद किती राहिलं?"

"म्हना मालक!" सटवा ओरडला. "म्हना की, आलंच!"

दीड तासात विमान पोचलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. टाकीत तेल होतं काही तासांचं.

ते हैदराबादला उतरलं पंधराव्या दिवशी. आप्पारावाचं धोतर बैलगाडीच्या वंगणानं काळं झालं होतं.